आत्याची थोरली आणि धाकटी

आमच्या शकूआत्याकडे कुणीही आलं की पाण्याच्या आधी प्रश्न येतो, "थोरलीवर हायेस का धाकटीवर?"

नवखा माणूस गोंधळून माझ्याकडे बघतो. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. थोरली आणि धाकटी ही आत्याच्या वायफायची नावं आहेत. तिच्या राऊटरमधून दोन नेटवर्क निघतात. एक सावकाश पण लांबवर जातं, दुसरं जोरात चालतं पण भिंतीपलीकडे टिकत नाही, असं नेट जोडायला आलेल्या माणसानं सांगितलं. आत्याला ते लगेच पटलं. सासरी तिला दोन जावा होत्या. "थोरली सावकाश, पन गावभर फिरती. धाकटी पळती लई, पन मधी भिंत आली की रुसती." मग मला बसवून तिनं तीच नावं टाकून घेतली.

कोपरगावातल्या या घरात आत्या खाली राहते, मी, बायको आणि मुलगी वर. आतोबा गेले, तिचा नितीन जर्मनीत. आत्याचं म्हणणं एकच, कंपनी म्हणते तेवढा स्पीड घरात दिसलाच पाहिजे.

त्यासाठी टीव्हीमागचा राऊटर तिनं मधल्या खोलीत शोकेसवर चढवला. लोखंडाला अडून स्पीड मरतो असं कळल्यावर कपाट व्हरांड्यात काढलं. आता आत्या लुगडं काढायला जाते तेव्हा निम्म्या गल्लीला कळतं. मोबाईल निरांजनासारखा दोन्ही हातांत धरून ती घरभर स्पीड मोजत फिरते. शेजारच्यांचा राऊटर आपल्याच चॅनेलवर आहे हे कळलं, तेव्हा ती त्यांच्या सत्यनारायणाला गेली आणि तीर्थ घेताघेता यजमानाला म्हणाली, "तुमचा न् माझा च्यानेल एकच हाय. तुमी बदला." पूजेला बसलेली माणसं आधी तिच्याकडे, मग त्याच्याकडे बघायला लागली. दुसऱ्या दिवशी मी माफी मागून आलो.

पण खरी शोभा झाली ती माझ्या मुलीला बघायला राहात्याची मंडळी आली तेव्हा. आमची वरची खोली लहान, म्हणून बैठक आत्याकडे. मुलाचे वडील चांगले भरदार. ते नेमके शोकेसपुढच्या खुर्चीत बसले.

"पाव्हणं, जरा डावीकडं सरका," आत्या म्हणाली. "तुमी धाकटीच्या आड येताय."

ते दचकून सरकले. मागं वळून बघितलं, मागं कुणी नव्हतं. "आम्हाला एकच मुलगी सांगितली होती," ते मला म्हणाले. "धाकटीपण आहे का?"

मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "हाय की. थोरली जरा मंदच हाय. धाकटीची सर न्हाई तिला."

मुलाच्या आईनं हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली. तेवढ्यात माझी मुलगी चहा घेऊन आली आणि ती बाई तिच्याकडे इतक्या कणवेनं बघायला लागली, की मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी वायफाय, राऊटर, नेटवर्क असं बरंच काहीतरी बोललो. जितकं समजावलं तितकं ते खोटं वाटत गेलं. चार दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. मुलगी पोट धरून हसली. मी मात्र महिनाभर आत्याशी नीट बोललो नाही.

मग एका रविवारी तीच जिन्याखालून हाक मारत आली. "ये रे रमेश, फुल स्पीड आला. नितीनचा फोन यायचाय, बघ आता कसा दिसतो."

नितीन दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा. दोन मिनिटांत आवाज तुटतोय म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. हे मला त्या दिवशी कळलं.

फोन आला. नितीन इतका स्वच्छ दिसत होता की शर्टाची शिवण मोजावी. आत्या जेवलास का, थंडी हाय का, विचारत होती. तो दुसरीकडे बघत काहीतरी टाइप करत होता. मग म्हणाला, "आई, काहीच ऐकू येत नाहीये. तुझं नेट खराब आहे. ठेवतो."

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. आत्यानं स्पीड मोजला. आकडा पुरा होता. तिनं तो दोनदा वाचला.

"वर कुनाला सांगू नको," ती म्हणाली. चोरी तिचीच पकडली गेल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. "कामात असतो तो."

पुढच्या रविवारी मी मुद्दाम खाली गेलो. मधल्या खोलीत ती नव्हती. मागच्या मोरीत, पाण्याच्या लोखंडी टाकीला टेकून पाटावर बसली होती. फोनमध्ये नितीनचा चेहरा अर्धवट थिजलेला, आवाजाचे तुकडे पडत होते.

"व्हय रे बाळा, नेटच न्हाई हितं. ठेव तू," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

"आत्या, इथं का येऊन बसलीस?"

तिनं उठायला माझा हात मागितला. गुडघे सरळ करत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "हितं खरंच तुटतं. पोराला खोटं बोलाया लागू नये."