शनिवारचा गहू

"बिअर वगैरे घेता का?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मुकुंदराव पाठकांच्या शेजारच्या खुर्चीत त्यांची बायको उमा बसलेली होती. पुढचा सगळा घोळ त्या खुर्चीमुळे झाला.

"छे छे," मुकुंदराव म्हणाले.

"मग ते सोडूनच देऊ," असं म्हणून डॉक्टर गव्हाकडे वळले. मुकुंदरावांच्या आतड्यांना गव्हातलं ग्लुटेन सोसत नव्हतं. पोळी, रवा, मैदा, पाव, बिस्किटं सगळं बंद. ज्वारी, बाजरी, तांदूळ मात्र हवं तेवढं खा, असं त्यांनी सांगितलं. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला ही काही फार मोठी शिक्षा नव्हती. आमच्याकडे स्वयंपाकाला येणारी साळूबाई भाकरी अगदी पातळ करते, असं उमानं डॉक्टरांना अभिमानानं सांगितलं.

मुकुंदराव पाटबंधारे खात्यात होते आणि स्वभावानं सरळ होते. त्यांच्या आयुष्यात लपवण्यासारखी एकच गोष्ट होती. दर शनिवारी संध्याकाळी ते स्कूटरवरून शेंद्र्याला जात, शाळेतला दोस्त कारभारी याच्या शेतावर. घरी ते याला मोकळी हवा म्हणत. विहिरीजवळच्या बाजेवर बसून ती मोकळी हवा ते ग्लासात ओतून घेत. साधी पिवळी बिअर त्यांना आवडत नसे. त्यांना लागायची स्टाऊट, म्हणजे काळीकुट्ट, कडसर, वर कॉफीसारखा फेस येणारी बिअर.

डॉक्टरांकडून आल्यावरच्या पहिल्याच शनिवारी त्यांनी कारभारीला विचारलं, "यात गहू असेल का रे?"

कारभारीनं बाटली उजेडात धरून नीट पाहिली. "गव्हाची वस्तू गोरी असती, मुकुंदा. पोळी बघ, पाव बघ. ही काळी हाय. ही बाजरीची."

मुकुंदरावांना हे लगेच पटलं, कारण त्यांना ते पटायलाच हवं होतं.

गहू बंद झाल्यावर सोमवार ते शनिवार पोट उत्तम राहू लागलं. रविवारी सकाळी मात्र कळा, गुबारा आणि न्हाणीघराच्या फेऱ्या. उमा शाळेत विज्ञान शिकवायची. घरात कुठून तरी गहू शिरतो आहे आणि तो शनिवारीच शिरतो आहे, एवढं तिनं ताडलं. कुठून, ते मात्र तिला कळेना.

आधी हिंगावर संशय आला. डबी वाचल्यावर तिच्यात गव्हाचं पीठ सापडलं, तेव्हा हिंग गेला आणि आमटीची चवही गेली. रविवार काही बदलला नाही. मग पाळी आली औरंगपुऱ्यातल्या गिरणीवाल्या फकिराची. तो गव्हावरच ज्वारी दळतो, हे उमानं भर गिरणीत चार बायकांसमोर सिद्ध केलं. शेवटी सोमवारी सकाळी गिरणी साफ करून सगळ्यात आधी पाठकांची आठवड्याची ज्वारी दळायची, असं फकिरानं कबूल केलं. तरी रविवार तसाच. मुकुंदरावांच्या आईचं, यमुनाबाईंचं, मत होतं की शनिवार मारुतीचा असतो आणि त्याचं काहीतरी राहून गेलं असणार. मुकुंदराव मारुतीला तेल वाहून आले आणि तसेच पुढे शेंद्र्याला गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा न्हाणीघर.

आणि मग उमाचं लक्ष साळूबाईकडे गेलं.

शनिवारी उमाची सकाळची शाळा. आठवड्यातल्या त्या एकाच दिवशी साळूबाई स्वयंपाकघरात एकटी असायची. यमुनाबाईंना दात नव्हते, त्यांना मऊ पोळी लागायची, म्हणून गव्हाच्या पिठाचा एक डबा वरच्या फळीवर अजून होता. उमानं हे सगळं जुळवलं आणि तिला फार वाईट वाटलं, कारण साळूबाई घरच्यासारखी होती. पण वाईट वाटलं तरी प्रयोग करायलाच हवा होता. येत्या शनिवारी साळूबाईला सुट्टी द्यायची, उमानं रजा काढून स्वतः भाकऱ्या करायच्या. रविवारी मुकुंदराव आजारी पडले, तर साळूबाई निर्दोष. ठणठणीत राहिले, तर तिचं काम बंद.

साळूबाई ते ऐकून पुन्हा भाकरी थापायला लागली. त्याच गल्लीत तिची आणखी तीन घरं होती. पाठकांनी काढलं ही बातमी तिथं पोचायला दुपारही लागली नसती.

मुकुंदराव हादरले. काळ्या बाटलीबद्दल एव्हाना त्यांना पुरती शंका यायला लागली होती, आणि या शनिवारी शेंद्र्याला जायचंच नाही असं त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. पण न जावं, तर पोट बरं राहणार. पोट बरं राहिलं, तर साळूबाई चोर ठरणार. बराच विचार केल्यावर त्यांच्या लक्षात आलं की तिला वाचवायचं असेल तर बिअर पिणं भाग आहे. आयुष्यात प्रथमच ते कर्तव्य म्हणून पिणार होते.

शनिवारी उमानं केलेल्या भाकऱ्यांचे थापतानाच तुकडे होत होते. "चव महत्त्वाची," असं ती म्हणाली. मुकुंदरावांनी ते तुकडे गोळा करून खाल्ले आणि संध्याकाळी स्कूटर काढली.

त्या दिवशी त्यांनी दोन बाटल्या प्यायल्या. एक नेहमीची आणि एक साळूबाईसाठी. प्रयोगाची भानगड कारभारीला सांगायची त्यांना लाज वाटली. कारभारीही त्यांच्या ग्लासाकडे बघून सारखा गालातल्या गालात हसत होता. काय झालं विचारलं, तर उद्या सांगतो म्हणाला.

रविवारी मुकुंदराव जागे झाले ते कडाडून भूक लागल्यामुळे. पोट पिसासारखं हलकं होतं. त्यांनी वाट पाहिली, येरझाऱ्या घातल्या, गरम पाणी प्यायलं. काही होईना. अखेर न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि त्यांनी कारभारीला फोन लावला.

"पोट कसंय?" कारभारीनंच आधी विचारलं.

"एकदम चांगलं आहे रे," मुकुंदराव रडवेल्या आवाजात म्हणाले.

"लई ब्येस झालं. जावयानं पुण्याहून आनली ती. ज्वारी आन् तांदळाची काळी, त्यात ते तुझं ग्लुटेन नाय. आपली नेहमीची जवाची निघाली. जवातबी तेच असतंय म्हनं. आधी सांगितलं असतं, तर तू चव बदलली म्हनून कुरकुरला असतास."

मुकुंदराव बाहेर आले. साळूबाई दारात उभी होती, पिशवी छातीशी धरून. उमा ओट्याला टेकली होती. मुकुंदरावांनी पोटावर हात दाबून तोंड वाकडं करून पाहिलं, पण यमुनाबाई म्हणाल्या, "नाटकं कशाला करतोस? सकाळपासून दोनदा खायला मागितलंस."

"साळूबाई," उमा खालच्या आवाजात म्हणाली, "मला खरंच वाईट वाटतंय."

"थांब," मुकुंदराव म्हणाले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. शेंद्र्याची मोकळी हवा, डॉक्टरांसमोरची थाप, जव, कालच्या दोन बाटल्या. बोलताना ते फक्त गॅसच्या शेगडीकडे बघत होते. आईसमोर बिअर हा शब्द त्यांनी जन्मात पहिल्यांदा उच्चारला.

उमानं ओट्यावरचं फडकं घडी करून ठेवलं. मग तिनं विचारलं, "म्हणजे माझ्या भाकरीनं बरे नाही झालात?"

तेवढ्यात साळूबाई रडायला लागली. तिला सुटकेचं रडू आलं असेल असं सगळ्यांना वाटलं. उमानं तिला पाणी दिलं.

"दादा माझ्यापायी इतकं बोलले," साळूबाई म्हणाली, "आता मलाबी गप बसवत नाय. ताई, मी टाकत व्हते. आईंच्या डब्यातलं मूठभर पीठ. सोमवारचं दळन शनिवारपत्तूर शिळं व्हतंय, त्याची विरी जाती. भाकरी थापली की फाटती. तुम्ही म्हनला असता, साळूबाईचा हात बिघडला. मूठभरानं काय व्हतंय असं वाटलं मला."

उमानं झाकण काढून कालच्या उरलेल्या भाकरीच्या तुकड्यांकडे पाहिलं आणि परत झाकून ठेवलं.

आपण उगाचच कबुली दिली, हे मुकुंदरावांच्या हळूहळू लक्षात येत होतं. पाठोपाठ एक बारीकशी आशाही उगवली. "म्हणजे भाकरीनंच होत असेल," ते म्हणाले. "बिअरनं नसेलही."

उमानं तिथल्या तिथं डॉक्टरांना फोन लावला. दोन्हीनं, डॉक्टर म्हणाले. गहू काय आणि जव काय, या पोटाला सारखंच. ग्लुटेन नसलेली चालेल, पण बेतानं. शिवाय आपण हे पहिल्याच दिवशी विचारलं होतं, याचीही त्यांनी आठवण करून दिली.

फोन ठेवून उमानं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग साळूबाईकडे. "काढायचं तर दोघांनाही काढावं लागेल," ती म्हणाली. "आणि यांना काढता येत नाही. साळूबाई, पिशवी ठेव आणि आईंच्या पोळ्यांना लाग. यांच्या भाकरीला आता दर दोन-तीन दिवसांनी ताजं दळण आणायचं."

ताजं दळण कोण आणणार हे कुणी विचारलं नाही. फकिरानं आठवड्यात आणखी दोनदा गिरणी साफ करायला मोठ्या नाखुशीनं होकार दिला, पण फक्त बुधवारी आणि शनिवारी, तेही संध्याकाळी, गव्हाची गर्दी संपल्यावर. शेंद्र्याला जायला उमानं आडकाठी केली नाही. आधी पीठ घरी पोचवा आणि मग कुठंही जा, एवढंच ती म्हणाली.

पुढच्या शनिवारी औरंगपुऱ्यात दिवे लागले तेव्हा मुकुंदराव नाकाला रुमाल बांधून गिरणीबाहेर ज्वारीचा डबा पायाशी ठेवून उभे होते. खिशातला फोन वाजला.

"कुठं हायस?" कारभारीनं विचारलं. "काळी कधीची गार करून ठेवलीया."

मुकुंदरावांनी रांगेकडे पाहिलं. पुढची बाई फकिराला सांगत होती की तिचे गहू अगदी थोडेच आहेत.

"अजून गहूच चाललाय," ते म्हणाले आणि डबा पायानं थोडा पुढे सरकवला.