बादलीतला मासा

समन्वयकाचं काम एवढंच होतं: तीन संस्थांना एकत्र ठेवायचं. नदीप्रेमी मंडळ, मच्छीमार संघ आणि कॉलेजची प्रयोगशाळा. या तिघांचं आजवर एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं, की चूक समन्वयकाची आहे.

नागरिकांनी नदीकाठी फिरून माशांचे फोटो ॲपवर टाकायचे, अशी मोहीम होती. फोटो आले. चपलांचे आले, एका गादीचा आला, एका आजोबांनी स्वतःचाच पाठवला. मासा काही आला नाही. आज संध्याकाळपर्यंत एकही जिवंत मासा नोंदला गेला नाही, तर नदीचं नाव खोडून सरकारी नकाशावर 'नाला' लिहिलं जाणार होतं. समन्वयकाची नोकरी त्याच नाल्यातून वाहून जाणार होती.

दुपारी सासरे बादली घेऊन कार्यालयात आले. जन्म याच नदीत जाळं टाकण्यात गेलेला. बादलीत बोटाएवढा एक मासा होता, तोंड पाडून बसलेला.

"तुमच्यावर गेलाय, जावईबापू," सासरे म्हणाले.

समन्वयकाने तिन्ही संस्थांना फोन केले. तिन्ही धावत आल्या. करारात लिहिलं होतं की प्रत्येक संस्था स्वतःच्या पद्धतीने नोंद करेल, त्यामुळे दुसऱ्याच्या मोजमापावर कोणी विश्वास ठेवेना.

"आधी आमचा तराजू," संघवाले म्हणाले.

"तराजू ओला आहे. पुसा आणि परत ठेवा," प्रयोगशाळेच्या बाई म्हणाल्या.

"त्याला जरा पाण्यात सोडू का?" समन्वयकाने विचारलं.

"बॅनर सुटतोय, तो धरा आधी," मंडळाचे अध्यक्ष म्हणाले. "आणि मासा थोडा वर. चेहरा दिसू दे."

समन्वयकाने बॅनर धरला. तीन फोटो ॲपवर चढले, तेव्हा माशाची शेपटी हलत होती. चौथा, सगळ्यांचा एकत्र फोटो झाला, तेव्हा हलत नव्हती. मग अध्यक्षांनी टोपी काढली, आणि फोटोत टोपी हवी म्हणून परत घातली.

तीन संस्थांची तीन वजनं, तीन लांब्या. ॲपने हिशेब केला: तीन मासे, तिन्ही वेगळ्या जातींचे.

"मेल्यावर वंश वाढवणारा पहिलाच," सासरे म्हणाले.

नदी वाचली. समन्वयक त्या रात्री पोटभर जेवला. पुढच्याच आठवड्यात वरून कळलं की नदीत मासळी उत्तम आहे, तेव्हा संवर्धनाची गरज उरलेली नाही. मोहीम बंद, समन्वयकाचं पद रद्द.

दुसऱ्या दिवशी तो ओट्यावर बसून राहिला होता. सासरे जाळं खांद्यावर टाकून बाहेर पडले.

"कुठे निघालात, मामा?"

"सरकार म्हणतंय तीन होते. एक तर आपल्यादेखत गेला." सासऱ्यांनी चपला पायात सरकवल्या. "दोन राहिलेत."

समन्वयकाने घड्याळाकडे पाहिलं. कुठेच जायचं नव्हतं. तो उठला आणि बादली घेऊन त्यांच्या मागे निघाला.