नक्कल नेमकी कुणाची?

घरच्या किंवा नात्यातल्या एका माणसाची नक्कल करायची आणि ती कुणाची हे प्रेक्षकांनी ओळखायचं, असा कार्यक्रम शाळेत ठरला. चिमणीने घरी येऊन विचारलं, ‘‘बाबा, तुमची करू की मामाची?’’

‘‘मामाची? त्यात करण्यासारखं आहे काय? माझी कर, बिनधास्त!’’ हेडक्लार्क म्हणाले.

‘‘बघते,’’ म्हणून चिमणी आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

झालं! त्या क्षणापासून हेडक्लार्कांना चैन पडेना. आपण पोरीला दिसतो तरी कसे? तालमीच्या वेळी ते दाराला कान लावून उभे राहत. आतून चकार शब्द ऐकू येत नसे.

‘‘थोडीशी दाखव ना,’’ ते अजिजीने म्हणत.

‘‘अंहं. सरप्राइज!’’

मग त्यांनी तिला उत्तम माल पुरवायचं ठरवलं. ताठ चालू लागले. चहासुद्धा खर्जात मागू लागले. (‘‘घसा बसलाय का? गुळण्या करा,’’ बायको म्हणाली.) एकदा तर हात मागे बांधून, खिडकीतून दूरवर बघत विचारवंतासारखे उभे राहिले. (दूरवर म्हणजे समोरच्या गच्चीवरचे टॉवेल.)

‘‘बाबा, पाठ आखडली?’’ चिमणीने विचारलं.

कार्यक्रमाला ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. शेजारी बायको, पलीकडे मेहुणा.

चिमणी स्टेजवर आली, खुर्चीत ऐसपैस पसरली आणि तोंडापुढे पेपर धरला. पडद्यामागून मैत्रीण ओरडली, ‘‘अहो, गॅस संपला!’’

‘‘हं.’’

‘‘अहो, पोरीचा पहिला नंबर आला!’’

‘‘हं.’’

‘‘अहो, घराला आग लागली!’’

‘‘हं. पंखा वाढव जरा.’’

हॉल हसून लोटपोट. सगळ्यात मोठ्याने हेडक्लार्क. डोळे पुसत ते बायकोच्या कानात म्हणाले, ‘‘काय हुबेहूब पकडलंय तुझ्या भावाला! बिचारी वहिनी!’’

बाईंनी माइक घेतला. ‘‘सांगा बरं, कोण हे?’’

हेडक्लार्क ताडकन उभे राहिले. ‘‘मामा!’’

बायकोने त्यांची बाही ओढली, पण उशीर झाला होता. चिमणीने पेपर खाली घेतला. ‘‘चूक. बाबा.’’

आता बसावं की सरळ चालू पडावं, हे हेडक्लार्कांना कळेना. बाईंनाच दया आली. ‘‘असू दे. कधी कधी अभिनय थोडा कमी पडतो...’’

‘‘नाही हो बाई,’’ चिमणी माइकजवळ येऊन समजुतीच्या सुरात म्हणाली, ‘‘बाबा नेहमी पेपरच्या पलीकडे असतात ना. अलीकडून ते कसे दिसतात, त्यांना काय ठाऊक!’’