मंजूर थंडी

फेब्रुवारीचा राज्य हवामान अहवाल महिना संपण्याच्या बराच आधी छापखान्यात जातो. ही अडचण हवामान कार्यालयाने फार पूर्वीच सोडवली होती. उरलेल्या दिवसांचं हवामान मागच्या वर्षीच्या अहवालावरून उतरवून घ्यायचं. मागच्या वर्षी ते त्याच्या मागच्या वर्षीवरून घेतलेलं असे. त्यामुळे कधीकाळी आलेली एक थंडीची लाट राज्यात दरवर्षी न चुकता येत होती. उतरवून घेण्याचं काम निरीक्षकाकडे होतं आणि त्यात त्याच्या हातून आजवर काडीची चूक झाली नव्हती.

यंदा नेमक्या त्या लाटेत त्याला मुलगी झाली.

तो सरकारी इस्पितळात पोचला तेव्हा वॉर्डाच्या खिडक्या बंद होत्या आणि हीटर भणभणत होता. तान्ह्या पोरीचं अंग घामोळ्यांनी लाल झालं होतं. सासूबाई वर्तमानपत्राने तिला वारा घालत होत्या.

"जावईबापू, पोर भाजून निघतेय हो!"

तो मेट्रनकडे धावला. "सिस्टर, बाहेर ऊन मी म्हणतंय. निदान हीटर तरी बंद करा."

"अहवालात थंडीची लाट आहे," कपाळ पुसत मेट्रन म्हणाली.

"अहो, तो अहवाल मीच लिहितो!"

"मग माझ्याशी काय भांडताय? तुम्ही लाट मागे घ्या, मी हीटर बंद करते."

तो तडक साहेबांकडे गेला. साहेब कोट-मफलर घालून बसले होते आणि मफलरनेच घाम टिपत होते.

"साहेब, लाट आलेलीच नाही. तापमापकातला पारा चढतोच आहे."

"अहवालाच्या विरोधात?" साहेब गंभीर झाले. "म्हणजे बिघडलाय. दुरुस्तीला पाठवा."

"पण साहेब, माझी मुलगी..."

"अभिनंदन! पण असं बघा, आज ही लाट मागे घेतली, तर आधीच्या लाटांचं काय? लोक त्यांत मनापासून कुडकुडलेत. त्यांच्या हुडहुडीचा काही मान ठेवाल की नाही? फार तर मार्चमध्ये 'किंचित उबदार' लिहू."

निरीक्षक चरफडत परत निघाला. रस्त्यावर माणसं स्वेटर-कानटोप्या घालून घामाघूम चालली होती. नुसत्या शर्टातल्या त्याच्याकडे ती भूत पाहिल्यासारखी बघत होती.

"आजारी पडशील रे बाबा," एका आजोबांनी हटकलं. "यंदा गारठा फार. पेपरात आलंय."

चौकापर्यंत त्याने दम धरला. मग त्यालाही अंगावर बारीक शिरशिरी आल्यासारखी वाटली. कोपऱ्यावरच्या दुकानात तो शिरला.

"झाली का लाट रद्द?" सासूबाईंनी वॉर्डाच्या दारातच विचारलं.

"खिडकीला हात लावू नका," गळ्यातली नवी मफलर घट्ट करत तो म्हणाला, आणि त्याने लेकीच्या डोक्यावर लोकरीचं टोपडं चढवलं.

पोरीने टाहो फोडला आणि पांघरूण लाथेने उडवलं. अख्ख्या राज्यात तिला एकटीलाच उकडत होतं. तिला अजून वाचता येत नाही. आपल्याला येतं.