टपावरचा पाळणा

उर्मासने जिन्यात फक्त एवढंच विचारलं होतं, की ओह्रिदला या दिवसांत छत्री लागते का. तिथेच चुकलं. नोकरीसाठी स्कोपयेत येऊन वर्ष होत आलं होतं. शनिवार-रविवारी आपण कुठे जाणार हे शेजारणीला सांगायचं नसतं, एवढं त्याला एव्हाना कळायला हवं होतं. पण तो पडला एस्टोनियाचा माणूस. तिकडे शेजाऱ्याला हवामान विचारलं, तर शेजारी हवामानच सांगतो आणि दार लावून घेतो.

लेंचेमावशींनी हातातली केराची बादली खाली ठेवली. "ओह्रिदला? गाडीने? म्हणजे मागची सीट रिकामीच की रे!"

"रिकामी... म्हणजे तशी..."

"माझी वासिल्का असते ना तिथे, धाकटी बहीण! आयवरच्या बाटल्या कधीच्या पाठवायच्यात तिला. मागे बसच्या ड्रायव्हरच्या हाती दिल्या तर मेल्याने आडव्या ठेवल्या. निम्मी चटणी त्याच्या सतरंजीने खाल्ली. तुझं कसं, सगळं नीटनेटकं!"

लाल मिरच्या भाजायच्या, सोलायच्या आणि दिवसभर ढवळत बसायचं, तेव्हा कुठे आयवर होते. ती करणाऱ्या बाईला नाही म्हणायची हिंमत त्या इमारतीत कुणाची नव्हती. उर्मासची तर मुळीच नव्हती. तो "बरं" म्हणाला आणि घरात शिरून दाराला पाठ लावून उभा राहिला.

एरवी एवढं काही वाटलं नसतं हो, पण ही सहल साधी नव्हती. त्याच्या बायकोला, हेलीला, मायदेशी तालिनच्या ग्रंथालयाने जुन्या जागेवर परत बोलावलं होतं आणि सोमवारी तिला उत्तर द्यायचं होतं. उर्मासला स्कोपये मनापासून आवडलं होतं. इथलं ऊन आवडलं होतं, टोमॅटो आवडले होते, ऑफिसातली आरडाओरड करत केलेली कामंसुद्धा आवडली होती. हेली मात्र रमली नव्हती. "तू दिवसभर ऑफिसात, मी चार भिंतींत. इथे माझं आहे तरी कोण?" असं ती एकदाच म्हणाली होती. एस्टोनियन बाई एकच गोष्ट दोनदा सांगत नाही. ती गेली, तर उर्मासला इथे एकट्याने राहावं लागणार होतं.

म्हणून त्याने ओह्रिदच्या तळ्याकाठी खोली ठरवली होती. पाण्यावर झुकलेली गॅलरी, समोर नुसतं निळं तळं, आणि दोन दिवस कुणाचा आवाज नाही. समुद्राकाठी वाढलेल्या बाईला आणखी काय हवं? तिथे बसून तो तिला म्हणणार होता, "राहा ना." दोनच शब्द, पण आठवडाभर तो आरशासमोर त्यांचा सराव करत होता.

शनिवारी सकाळी मागची सीट बाटल्यांनी भरली. वर लेंचेमावशी खिडकीतून डोकावल्या. "आणि त्यातल्या दोन किचेवोला ब्लागोयाला दे हं! रस्त्यातच आहे. मी फोन केलाय त्याला!"

"आपण सहलीला चाललोय की माल पोचवायला?" हेलीने विचारलं.

"रस्त्यातच आहे," उर्मास म्हणाला.

ब्लागोयाकाका खरंच रस्त्यातच होते. अगदी भर रस्त्यात, दोन्ही हात पसरून उभे. लेंचेमावशींच्या लग्नात ते वराचे साक्षीदार होते, म्हणजे इथल्या हिशेबाने सख्ख्या भावाहून जवळचे. गाडीची काच खाली करून बाटल्या द्यायच्या आणि पुढे जायचं, हा उर्मासचा बेत त्यांनी ऐकूनही घेतला नाही.

"दारातून परत जाणार? लोक काय म्हणतील मला? चला, पाणी तरी प्या!"

पाण्याआधी राकिया आली, घरी गाळलेली कडक दारू. गाडी चालवायची म्हणून उर्मास सुटला, तर त्याचा पेलाही हेलीपुढे सरकला. मग पालक भरलेली गरम पेस्ट्री आली. ती संपेतो काकूंनी घेवड्याची कढई भट्टीत सरकवली होती, ती अर्धवट टाकून कसं उठणार? हेली पुढ्यात येईल ते खात होती. तिचे कान मात्र लाल झाले होते. ते राकियाने की रागाने, हे उर्मासला काही केल्या ठरवता येईना.

निघताना बघतात तो काय, गाडीच्या टपावर एक पाळणा बांधलेला! काळपट लाकडाचा, जुना, दोन्ही बाजूंना सूर्य कोरलेला.

"वासिल्काच्या सुनेचे दिवस भरत आलेत," दोरीची शेवटची गाठ मारत काका म्हणाले. "आमच्याकडचं बाळ आता सायकल चालवतं. तुम्ही जाताच आहात, तर न्या. रस्त्यातच आहे."

हॉटेल तळ्याच्या काठावरच होतं. मालक दाराशी उभा होता. त्याने टपावरचा पाळणा पाहिला, गाडीतून जरा तोल सावरत उतरणारी हेली पाहिली, तिचे लालबुंद गाल पाहिले आणि धावत येऊन उर्मासला मिठीच मारली. "अभिनंदन! अरे अभिनंदन! पहिलंच का?"

आता इथे चार वाक्यं बोलली असती तर सगळं निस्तरलं असतं. पण अनोळखी माणसाशी चार वाक्यं? त्यापेक्षा 'धन्यवाद' म्हटलं की बोलणं संपतं, असा उर्मासचा आयुष्यभराचा अनुभव. तो अनुभव सगळा तालिनचा होता, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

"धन्यवाद," तो म्हणाला.

मालकाने ताबडतोब त्यांची खोली बदलली. जिना चढायचा नाही म्हणून तळमजला, आणि वारा लागायला नको म्हणून मागच्या बाजूला. खिडकीतून शेजारच्या घराची भिंत दिसत होती, तीही खिडकी उघडली तर. मालकाने ती खिळा मारून बंद केली होती.

"पण आम्ही गॅलरीची खोली..."

"गॅलरी? पाण्यावरचा वारा? अशा दिवसांत?" मालक खवळला. "अहो, तुम्ही बाप आहात की वैरी?"

आणि हा मालक निघाला शाळेत वासिल्कामावशींच्या वर्गातला. बॅगा उघडायच्या आत त्या हजर झाल्या. लेंचेमावशींसारख्याच, फक्त रुंदीला थोड्या जास्त. "हॉटेलात? पोटुशी बाई हॉटेलातलं खाणार? मी मेले का?" असं म्हणत त्यांनी हेलीच्या हातातली पिशवी हिसकावली, तिला खुर्चीत बसवलं आणि तिचे बूट काढून पायांत स्वतःच्या हातचे लोकरीचे मोजे चढवायला घेतले. एकीकडे खांद्यावर धरलेल्या फोनमधून लेंचेमावशींचा हंबरडा ऐकू येत होता. "माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहते आणि मला पत्ता नाही! मी ढीगभर मिरच्या खायला घातल्या गं तिला!"

"उर्मास," हेली आपल्या भाषेत शांतपणे म्हणाली, "ही बाई माझ्या पायांशी काय करतेय?"

"तुला दिवस गेलेत असं वाटतंय त्यांना."

"का?"

"मी धन्यवाद म्हणालो म्हणून."

हेलीने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत उर्मासला तालिनचं विमान सुटताना दिसलं.

वासिल्कामावशींचं घर चढावर होतं, तळ्याकडे पाठ करून. संध्याकाळी मोठं टेबल मांडलं. हेलीच्या पाठीमागे उशी, पायांखाली उशी. कुठे दार किलकिलं झालं की तिघंजणं "वारा! वारा!" करत धावायची. मावशींची सून दानीत्सा हेलीशेजारी बसली होती. पोट एवढं पुढे आलेलं, की ताटापर्यंत हात पोचवायला तिला तिरकं बसावं लागत होतं. पाळणा कोपऱ्यात स्वच्छ पुसून ठेवला होता आणि ती पुन्हा पुन्हा तिकडे बघत होती.

जेवण अर्ध्यावर आलं असताना वासिल्कामावशी उठून उभ्या राहिल्या. "मी ठरवलंय," त्या म्हणाल्या. "पाळणा हेलीने न्यायचा. परक्या देशात पोर एकटी, ना आई जवळ, ना सासू. आपल्याकडे काय, टोपलीतसुद्धा झोपेल बाळ. काय गं दानीत्सा?"

"हो, न्या ना," दानीत्सा म्हणाली आणि हसली. पण तिचे डोळे भरून आले.

उर्मासने हातातला घास खाली ठेवला. गॅलरी गेली, तळं गेलं, ते एक वेळ चाललं असतं. पण पोटुशा बाईच्या बाळाचा पाळणा पळवायचा? तो ताडकन उभा राहिला आणि आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण त्याने एका दमात केलं.

"बाळ नाहीये! आम्हाला बाळ होणार नाहीये. पाळणा तुमचाच होता, तुमच्यासाठीच आणला. त्या मालकाने अभिनंदन केलं आणि मला बोलायचा कंटाळा आला. चूक माझी आहे. हेलीला काही झालेलं नाही. ती फक्त राकिया प्यायली होती."

आता घराबाहेर काढणार, आणि निदान आता तरी हॉटेलात जाऊन भिंत बघत पडता येईल, असं उर्मासला वाटलं. पण वासिल्कामावशी हळूहळू खाली बसल्या.

"लग्नाला किती वर्षं झाली रे बाळा?" त्यांनी विचारलं.

"सात."

"अगं बाई!" मावशींनी छातीवर हात ठेवला. "सात वर्षं! आणि आम्ही मेल्यांनी तिच्यासमोर पाळणा नाचवला!"

हेलीने रुमालात तोंड खुपसलं. तिचे खांदे गदगदा हलू लागले. मावशींनी तिला कुशीत ओढलं आणि दानीत्साने तिचा हात घट्ट धरला. मग त्या दोघीच रडायला लागल्या.

"रडू नकोस," मावशी म्हणाल्या. "उद्या सकाळी आपण सगळे मठात जाऊ. संत नाउमच्या समाधीला कान लावायचा, आत ठोके ऐकू येतात. ते ऐकले की झालंच समज. आमच्या पोस्टातल्या मुलीला जुळी झाली!"

झालं, रविवार मठात गेला. उर्मासलाही समाधीला कान लावावा लागला. पहिल्यांदा काही ऐकू आलं नाही असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, तेव्हा त्याला पुन्हा वाकायला लावलं. तळं त्याने पाहिलं ते जाता-येता, गाडी चालवणाऱ्या मावशींच्या यजमानांच्या खांद्यावरून, दर वळणाला थोडं थोडं.

दुपारी निघताना सगळ्यांचे पापे घेऊन झाले, मग पुन्हा एकदा घेऊन झाले. गाडी घाटाला लागली. शेवटी उर्मासने जीव एकवटला. दोन दिवसांत त्याला एक मिनिट एकट्याने बसता आलं नव्हतं. कान दुखत होते, पोट दुखत होतं, गाल ओले होते. आठवडाभर पाठ केलेले ते दोन शब्द त्याला आता आठवतसुद्धा नव्हते.

"हेली, तुझंच बरोबर होतं," तो म्हणाला. "तू तालिनला हो म्हण. मीही येतो. ही माणसं चांगली आहेत गं, पण मला आता नुसतं गप्प बसायचंय. निदान वर्षभर तरी."

"मी नाही म्हणून कळवलं त्यांना," हेली म्हणाली.

"कधी?"

"सकाळी. मावशी केस विंचरत होत्या माझे, तेव्हा."

"पण काल तू रडत होतीस!"

"रडत? अरे, हसून हसून माझा श्वास अडकला होता!" आठवून ती पुन्हा हसायला लागली. इतक्या मोठ्याने हसताना उर्मासने तिला कधी ऐकलं नव्हतं. मग डोळे पुसत ती म्हणाली, "एक सांग. तालिनला आपण इतकी वर्षं राहिलो. मला दिवस गेलेत अशी अफवा तिथे उठली असती, तर..."

"तिथे उठलीच नसती," उर्मास म्हणाला.

"तेच म्हणतेय मी."

ती सीट मागे करून आरामात रेलली आणि दानीत्साचं बाळ आलं की आपण आठवडाभर तिच्याकडे राहायला जाणार आहोत, असं तिने सांगून टाकलं. हो, दोघांनी. मावशींना शब्द दिलाय. उर्मासने गिअर बदलला. ज्यासाठी त्याने ही सगळी धडपड केली होती, ते त्याला मिळालं होतं, अगदी हवं तसं.

"गप्प का रे?" तिने विचारलं.

"आनंद झालाय," उर्मास म्हणाला. आणि ते निम्मं तरी खरं होतं.