दिसतंय ते सांग

आमच्या शेजारच्या कमलकाकूंना दिसत नाही, आणि सिनेमात काय काय दिसलं ते त्या आम्हाला सांगतात.

थट्टा करत नाही. रविवारी दुपारी टीव्हीवर अंधांसाठी सिनेमा लागतो. संवाद थांबले की मधल्या जागेत एक आवाज पडद्यावर काय चाललंय ते सांगतो : नायक जिना उतरला, तिने चिठ्ठी उशीखाली सरकवली. हा सिनेमा ऐकायला बिल्डिंगमधल्या आम्ही दोघी-तिघी काकूंकडे जमतो. कुणी मेथी निवडतं, कुणी मोबाइलमध्ये डोकं घालतं. सिनेमा संपला की काकू उलटतपासणी घेतात. "हिरवा दरवाजा उघडा होता, मग लावला कुणी?" आम्हाला दरवाजाच आठवत नाही.

"डोळे हायेत अन् वापरत नाय. उसने तरी द्या मला."

काचबिंदूने नजर गेली तेव्हा काकू शाळेत विज्ञान शिकवत होत्या. माहेर-सासर दोन्ही फुलंब्रीकडचं, बोलणं अजून तिकडचंच. निरीक्षण आधी, अनुमान नंतर, हे त्यांनी पोरांच्या डोक्यात इतकी वर्षं घातलं की आता सवय जात नाही. टीव्हीवरच्या आवाजाला त्या 'सांगणारा' म्हणतात आणि त्याच्याशी भांडतात. "ती दुःखी आहे," असं तो म्हणाला रे म्हणाला, की काकू त्याला खडसावतात, "ते मी ठरवीन. तू तोंड कसं झालंय ते सांग."

हाच कायदा सगळ्यांना. भाजीच्या गाडीवरचा शकील म्हणतो, "एकदम ताजा माल है, खाला." काकू म्हणतात, "ताजा तेरा खयाल है. डंठल कैसे हैं वो बोल." माझ्या नवऱ्याने एकदा त्यांच्या नव्या साडीला छान म्हटलं. "छान हे तुमचं मत झालं. काठ केवढा हाय?" तेव्हापासून तो त्यांच्यासमोर कशालाच छान म्हणत नाही.

काकू एकट्या राहतात. मुलगी वैशाली लग्न होऊन पुण्याला. तिच्याशी काकू व्हिडिओ कॉलवरच बोलायच्या, त्याही साडी बदलून, पावडर लावून. कशाला, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "मला दिसत नाय. तिला तर दिसतं." मग वैशालीचे नुसते साधे फोन येऊ लागले. रेंज नसते म्हणे.

परवाच्या रविवारी बाकीच्या गेल्या, तशी काकूंनी मला मनगटाला धरून बसवलं.

"लई मागं लागले तवा वैशू व्हिडिओ लावते म्हणाली. बस इथं. आज तू सांगणारी."

फोन लागला.

"हं, कर सुरू."

"वैशाली आहे. निळा कुडता. केस वर बांधलेत."

"मागं काय हाय?"

मागे एकच खोली होती. गादी, गादीला लागूनच गॅस, भिंतीशी दोन सुटकेस. मी वैशालीचं पुण्याचं घर पाहिलंय. हे ते नव्हतं. वैशालीने मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"भिंत," मी म्हणाले.

"भिंत तर सगळीकडंच असती."

माझं औषधाचं दुकान आहे. कुणाला कितपत सांगावं ते मला कळतं, असं मी समजत होते.

काकूंनी हात वर केला, वर्गात करत असतील तसा. "वैशू, तिला गप करू नको. लई दिवस झाले, तुझा आवाज मोकळ्या खोलीतून घुमत येतो. कुकरची शिट्टी कानाशी वाजती. जावयाचा खोकला नाय, टीव्ही नाय. घर सोडलंस ते कळलंय मला."

वैशालीचं बोट खाली आलं.

"मग मला कशाला बसवलंत?" मी विचारलं.

"बाकी आवाजावरून कळतं. जेवती का नाय ते कळत नाय. विचारलं की व्हय म्हणती. तू बघून सांग."

मी फोन जवळ घेतला आणि नीट पाहिलं. "गळ्याची हाडं वर आलीत. हात उचलला की बांगडी कोपराकडे घसरते. डोळ्यांखाली काळं झालंय. रडतेय, तोंड दाबून."

काकूंनी का, कधी, कुणामुळे, काही विचारलं नाही. पदराने तोंड पुसलं, कपाळावरचे केस मागे सारले.

"आता फोन माझ्या तोंडासमोर धर," त्या म्हणाल्या. "तिला बघू दे."

मी धरला. वैशाली बघत राहिली. माझा हात भरून आला, तरी मी तो खाली घेतला नाही.