पाळीव डास

सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडलं, तर आत पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर, खुर्च्यांवर, खिडकीच्या कट्ट्यावर, जिकडे बघावं तिकडे कागदी पाकिटं. प्रत्येक पाकिटात मेलेले डास. डासबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशी रोजच जायची, आज जरा लवकर गेली इतकंच.

डासबाई हे नाव त्यांना त्यांच्याच इमारतीनं दिलं होतं. बाई कीटकांच्या अभ्यासक. कुठल्या गल्लीत तापाचे डास वाढतायत, कुठे कमी होतायत, हे शोधण्यासाठी गेली कित्येक वर्षं त्या घरोघरी सापळे लावत फिरत होत्या. तीन देशांच्या सरकारांनी मिळून दिलेल्या पैशावर, म्हणजे तीन देशांतल्या कर भरणाऱ्या सामान्य माणसांच्या खिशातून, हे काम तिन्ही देशांत चाललं होतं. तापानं फणफणणारी चार माणसं कमी व्हावीत, एवढाच त्यातला हेतू. काम पुढे चालू ठेवायचं की गुंडाळायचं, हे ठरवायला तिन्ही देशांची समिती याच आठवड्यात येणार होती.

समितीची एक अट होती. पैसा लोकांचा आहे, तर लोकांना कामात सहभागी करून घ्या. अट काही वाईट नव्हती. बाईंनी इमारतीइमारतींत जाऊन व्याख्यानं दिली होती. डास अंडी कुठे घालतो, अळी काय खाते, पाणी का साचू द्यायचं नाही, सगळं फळ्यावर चित्रं काढून सांगितलं होतं. लोक जांभया देत ऐकायचे आणि चहा आला की उठायचे. मग संचालकसाहेबांनी जनसंपर्कासाठी एक गृहस्थ नेमले. त्यांना सगळे पोस्टर म्हणत, कारण कुठलीही अडचण सांगा, ते आधी पोस्टर करायला घेत.

पोस्टरनं योजना काढली. घरातले डास पकडा, पाकिटात भरा, आणून द्या. जी इमारत सर्वांत जास्त डास देईल, तिला भिंतीएवढा टीव्ही.

"जास्त डासांना बक्षीस?" बाई तेव्हा बैठकीतच कडाडल्या होत्या. "अहो, आपल्याला डास कमी करायचेत ना?"

"बाई, तुम्ही फार नकारात्मक विचार करता," पोस्टर म्हणाला.

"मी डासांचा विचार करते. तुम्ही कशाचा करता?"

"लोकांचा."

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि नेहमीप्रमाणे ज्याच्या हातात रंगीत कागद होता त्याच्या बाजूनं निकाल दिला. त्याची फळं आता खुर्च्यांवर पसरली होती आणि बाईंना बसायला स्टूलसुद्धा रिकामं नव्हतं.

उभ्याउभ्याच त्यांनी एक पाकीट फोडलं, भिंगाखाली धरलं आणि कपाळाला आठी पडली. दुसरं फोडलं, आठी वाढली. एरवी घरात सापडतात त्या डासांत माद्या जास्त. बऱ्याच जणींच्या पोटात कुणाचं ना कुणाचं रक्त, पंख झिजलेले, एखादीचा पाय तुटका. चार घरं हिंडलेला जीव तो, कळतंच. इथे नर आणि माद्या निम्मेनिम्मे. पोटं रिकामी. पंख घडी न मोडलेल्या कपड्यासारखे कोरे. यातल्या एकीलाही जन्मात कुणाला चावायची संधी मिळाली नव्हती.

"हे पकडलेले नाहीत," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "हे पाळलेत."

तेवढ्यात पोस्टर एक भलाथोरला नकाशा घेऊन आत आला. जिथून जास्त डास, तिथे लाल रंग. सगळं गाव गोवर उठल्यासारखं दिसत होतं. "अभिनंदन बाई," तो म्हणाला. "हा सगळ्यांत लाल ठिपका बघा. तुमचीच इमारत पहिली आली."

बाईंच्या स्वतःच्या सापळ्यांत त्या इमारतीतून महिन्याकाठी एखाददुसरा डास मिळायचा. त्या नकाशाकडे बघत राहिल्या, मग ताडकन साहेबांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, लोक टीव्हीसाठी घरात डास वाढवतायत."

साहेबांनी आधी दार लावून घेतलं. "किती लोक?"

"बहुतेक सगळेच."

"म्हणजे सहभाग उत्तम आहे."

"साहेब, या खोट्या डासांत माझ्या सापळ्यांतले खरे डास बुडतील. ताप कुठे आहे नि कुठे नाही, काही कळणार नाही. आणि हे सुटून लोकांना चावले म्हणजे?"

"शांत व्हा. उद्या समिती येते, परवा जाते. ती गेली की आपण खरं ते सांगू."

"कुणाला?"

"एकमेकांना," साहेब म्हणाले.

बाई तिथून निघाल्या त्या थेट घरी, आणि घरात न जाता गच्चीवर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गच्चीभर टब, बादल्या, बाळाला न्हाऊ घालायचं एक जुनं घंगाळसुद्धा, आणि सगळ्यांवर मच्छरदाणीचे तुकडे शिवून ताणलेले. मधोमध त्यांचे सासरे, अण्णा, हातात चहाची गाळणी घेऊन ओणवे उभे. अण्णांचा सगळा जन्म सरकारी गोदामात गेला होता, त्यामुळे रांगा अगदी सरळ होत्या. शेजारी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पावाचा चुरा करत बसल्या होत्या.

"अण्णा, हे काय आहे?"

"हळू बोल सूनबाई. त्या टबातले कोशात गेलेत, त्यांना हादरा चालत नाही."

"तुम्हाला हे शिकवलं कुणी?"

"कुणी म्हणजे? तूच की. सावलीत ठेवायचं, पाणी हलवायचं नाही, खायला बेतानं टाकायचं नाहीतर पाणी नासतं. सगळं तुझ्या व्याख्यानाबरहुकूम."

"अहो, हे असं होऊ देऊ नका म्हणून सांगितलं होतं मी."

"ते तू शेवटी सांगितलंस," काकू म्हणाल्या. "तोवर चहा आला होता."

बाईंचा आवाज चढला. "लाज नाही वाटत? कुणाला ताप भरला म्हणजे काय टीव्हीनं उतरणार आहे?"

"उगाच घाबरवू नकोस. जाळी आहे, एकही सुटत नाही," असं म्हणत अण्णांनी स्वतःच्या मानेवर चापट मारली आणि हात हळूच पाठीमागे नेला.

"आत्ताच्या आत्ता ओता सगळं."

"ओततो की. उद्याचा समारंभ झाला की लगेच. समोरच्या इमारतीनं अख्खी टाकी उघडी टाकलीय, तरी आपण पहिले. माझ्या आयुष्यात मी कशातही पहिला आलो नव्हतो गं."

बाईंना क्षणभर वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून जास्तच राग आला. त्यांनी साडीचा पदर खोचला आणि एकेक टब तापलेल्या फरशीवर उपडा केला. काकू हळहळत होत्या. त्या रात्री जेवताना अण्णा सुनेशी बोलले नाहीत. नवरा दोघांशीही बोलला नाही, कारण त्याला दोघांबरोबर राहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सभागृह गच्च भरलं. समितीचे तिघे पहिल्या रांगेत. अध्यक्ष म्हणजे पांढऱ्या केसांच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवणाऱ्या एक बाई होत्या. पोस्टरनं लाल नकाशा उलगडला, तसे तिघेही माना डोलावू लागले. "इतका लोकसहभाग," साहेब म्हणाले, "आम्हालाही अपेक्षित नव्हता." मग पहिल्या आलेल्या इमारतीच्या प्रतिनिधीला बोलावलं. अण्णा कडक इस्त्रीचा सदरा घालून मंचावर चढले.

डासबाई मागच्या रांगेत बसून ओठ चावत होत्या. गप्प राहिलं तर काम राहणार होतं, पण त्यात खरं काही उरणार नव्हतं. बोललं तर कामच जाणार होतं, आणि सापळे लावणारे त्यांचे सहकारी उद्यापासून घरी बसणार होते. वर मंचावर कोण, तर सासरे. आपलेच दात नि आपलेच ओठ. पण तेवढ्यात साहेब "शास्त्रशुद्ध" असा काहीतरी शब्द बोलले, आणि बाईंना बसवलं नाही. त्यांनी मंचावर जाऊन पोस्टरच्या हातातला ध्वनिक्षेपक काढून घेतला.

"हा डासांचा नकाशा नाही," त्या म्हणाल्या. "कुणाला टीव्ही किती हवाय, त्याचा नकाशा आहे. तीन देशांतल्या माणसांनी आपल्या पोटाला चिमटा काढून पैसा दिला तो ताप हटवायला. आम्ही त्यातून गच्च्यांवर डासांचे गोठे काढले. लोकांना मी दोष देत नाही, त्यांना आम्हीच तसं सांगितलं. हे उभे आहेत ते माझे सासरे. यांचे डास मी काल माझ्या हातानं ओतले. काम बंद करायचं तर खुशाल करा, पण या ठिपक्यांवर चालू ठेवू नका."

साहेब छताकडे बघत होते. अण्णांना मंचावर थांबावं की उतरावं कळेना, म्हणून ते आहे तिथेच बसले.

"पाळलेले आहेत हे ओळखलंत कसं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

बाईंनी रागारागानंच सांगितलं. रिकामी पोटं, सारखे नर-मादी, कोरे पंख. ऐकता ऐकता अध्यक्षबाईंचा चेहरा उतरत गेला. त्यांनी शेजारच्या सदस्याकडे पाहिलं, त्यानं बुटांकडे पाहिलं.

"आमच्याकडे बक्षिसाला सायकल होती," त्या हळूच म्हणाल्या.

"आमच्याकडे सहल," सदस्य म्हणाला. "सहकुटुंब."

"पंख तपासले होते?" डासबाईंनी विचारलं.

"पाकिटं मोजली होती."

तासाभरानं निर्णय आला. स्पर्धा सगळीकडे बंद. काम चालू राहील. मात्र आजवर तिन्ही देशांत गोळा झालेली सगळी पाकिटं इकडे पाठवली जातील आणि खरे डास कोणते, पाळीव कोणते, हे डासबाईंनी निवडून वेगळं करायचं. पहिल्या पेट्या जहाजावर चढल्यासुद्धा होत्या, कारण कुणालाच त्या आपल्या देशात नको होत्या. साहेबांनी बाईंचं अभिनंदन केलं. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी पुढे केलेला हात खिशात घातला.

संध्याकाळी घरी जाताना बाईंनी हिशेब मांडला. सापळ्यांवरचं एकही माणूस हलवायचं नव्हतं. म्हणजे पाळलेला डास एका नजरेत ओळखणारे लोक दुसरीकडूनच हवेत, आणि असे लोक जगात एकाच ठिकाणी होते. घशाशी आलेला राग त्यांनी कसाबसा गिळला. अण्णा इमारतीच्या खालच्या हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून बसले होते, जिथे टीव्ही लागणार होता तिकडे. काकू त्यांचं सांत्वन करत होत्या.

"अण्णा, उद्यापासून प्रयोगशाळेत या. तुम्हीही या काकू. माझ्या शेजारी बसून डास निवडायचेत. तुमच्याइतकी पारख दुसऱ्या कुणाला नाही."

अण्णांनी मान वळवली. कालपासून पहिल्यांदाच ते सुनेशी बोलले.

"येतो," ते म्हणाले. "जो जास्त निवडेल, त्याला काय आहे?"